नागपूरचा ताप आणि आरपार दिसणारा मासा

१९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेऊन गेले. त्यांतून मुख्यतः चिकुनगुनियाचा विषाणू निघाला आणि काही ठिकाणी डेंगीचा. १९६३ साली कोलकात्यात आणि १९६४ साली चेन्नईत झालेल्या साथींचाच हा पुढचा मुक्काम होता. पण दोन नमुन्यांतला विषाणू ओळखीच्या कुठल्याच नावात बसेना. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६७ साली तो नवा विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. रुग्ण ज्या गावचे होते त्याच गावाचे नाव विषाणूला मिळाले: चांदिपुरा.

पुढे औरंगाबाद परिसरातल्या वाळूमाश्यांमध्येही हा विषाणू सापडला. डासापेक्षा लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात राहते. एवढे कळूनही विषाणूकडे फारसे लक्ष गेले नाही, कारण दोन माणसांना ताप आला यापलीकडे त्याच्या नावावर मोठा गुन्हा नव्हता. तो २००३ मध्ये लागला. त्या वर्षी जून ते ऑगस्टदरम्यान आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासात चांदिपुरा विषाणू पुढे आला. २००४ मध्ये गुजरात झाले, २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांवर पाळी आली आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा गुजरात. त्या वेळी देशात जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ८२ जणांचा मृत्यू झाला, आणि ६४ जणांत चांदिपुराची खात्री पटली.

या आजाराची सगळ्यात भयंकर गोष्ट त्याचा वेग आहे. सकाळी तापाने फणफणलेले मूल संध्याकाळी झटके देऊ लागते आणि बेशुद्ध होते. २००३ च्या साथीत दवाखान्यात दाखल केल्यानंतर काही तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत अनेक मुले गेली. विदर्भातल्या गावातून तालुक्याच्या रुग्णालयात आणि तिथून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला आणेपर्यंतच निम्मा वेळ सरतो. डॉक्टरांच्या हाती मूल येते तेव्हा विषाणूचे काम बरेचसे झालेले असते. वाळूमाशी चावली त्या क्षणापासून पहिला झटका येईपर्यंत शरीरात काय घडले? विषाणू आधी कुठे वाढला, मेंदूत कुठल्या वाटेने शिरला, शरीराने त्याला अडवायचा प्रयत्न कधी केला आणि तो कुठे फसला? रुग्णाकडून याची उत्तरे मिळत नाहीत. रक्ताची तपासणी आणि पाठीतले पाणी त्या एका क्षणाचीच बातमी देतात.

प्रयोगशाळेतल्या उंदरांवर चांदिपुराचा अभ्यास झालेला आहे. उंदराच्या नवजात पिलांना तो मारतो आणि मोठ्या उंदरांना त्वचेखालून दिला तर सहसा काही करत नाही, म्हणजे मुलांवरच घाला घालण्याची त्याची खोड तिथेही दिसते. पण उंदराच्या शरीरात डोकावता येत नाही. सहाव्या तासाला विषाणू कुठे आहे हे पाहायचे तर सहाव्या तासाला उंदीर मारावा लागतो, बाराव्या तासाचे पाहायला दुसरा आणि चोविसाव्या तासाला तिसरा. हाती येतात सुटी छायाचित्रे, आणि मधला प्रवास अंदाजाने जोडावा लागतो. एकाच जिवंत शरीरात, पहिल्या तासापासून शेवटपर्यंत, विषाणूचा माग काढायचा असेल तर ते शरीर आरपार दिसणारे हवे.

असे शरीर आपल्याच उपखंडातल्या एका चिमुकल्या माशाच्या पिलाचे आहे. अंगावर निळसर पट्टे असलेला, जेमतेम चार सेंटिमीटरचा झेब्रा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, भातखाचरांत आणि संथ ओढ्यांत राहतो. ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. पुढे बरीच वर्षे तो शोभेच्या टाक्यांत फिरत राहिला. त्याला प्रयोगशाळेत मानाची जागा दिली ती अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. स्ट्रायसिंगर मुळात जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंचे अभ्यासक होते. मेंदू आणि मज्जासंस्था जनुकांच्या अंगाने समजून घ्यायची तर पाठीचा कणा असलेला, भराभर वाढणारा साधा प्राणी हवा, असे त्यांना वाटले. १९८१ मधल्या त्यांच्या शोधनिबंधाने या माशाचे दिवस पालटले. पुढे जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी आणि बोस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांनी हजारो माशांमध्ये जनुकीय बदल घडवून त्यांचे परिणाम तपासले. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा अख्खा अंक त्या निबंधांनी भरला. २०१३ मध्ये माशाचा संपूर्ण जनुकपट वाचून झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात सापडतो आणि रोगांशी संबंध असलेल्या जनुकांपुरते पाहिले तर हे प्रमाण ८२ टक्क्यांवर जाते.

आता त्याच्या पिलाकडे पाहू. संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, पण मध्ये पडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढतात आणि थोड्याच वेळात मादी शेकड्याने अंडी घालते. खाली जाळी ठेवावी लागते, नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. अंडे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, आणि आत चाललेले सगळे बाहेरून दिसते. चोवीस तासांत डोळे, मेंदू आणि कणा आकाराला येतात आणि हृदय ठोके देऊ लागते. दोन ते तीन दिवसांत पिलू अंड्याबाहेर येते. मत्स्यशेतीत ज्याला मत्स्यजिरे म्हणतात त्याच वयाचे, तीन-चार मिलिमीटर लांबीचे हे पिलू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की शेपटीच्या रक्तवाहिनीतून एकामागोमाग धावणाऱ्या तांबड्या पेशी मोजता येतात. पाचव्या दिवसापर्यंत ते पोटाखालच्या बलकावर जगते, त्याला खाऊ घालावे लागत नाही.

लागण करण्यासाठी पिलाला पाण्यातून भूल देतात, पातळ अगारोजच्या थरात आडवे ठेवतात आणि काचेची नळी तापवून ओढून केलेल्या, केसाहून बारीक टोकाच्या सुईने एखादा नॅनोलिटर द्रव रक्तवाहिनीत सोडतात. लिटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोलिटर. विषाणू आधीच बदललेला असतो. त्याच्या जनुकांत जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशाचे जनुक जोडलेले असते, त्यामुळे तो ज्या पेशीत वाढतो ती पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या ज्याँ-पिएर लेव्रो यांच्या गटाने २०१३ मध्ये नेमका हा प्रयोग केला आणि त्यासाठी निवडलेला विषाणू होता चिकुनगुनिया. नागपूरच्या १९६५ च्या साथीतला, १९७३ मध्ये बार्शीत उसळलेला, मग तीस वर्षे गायब होऊन २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह अर्ध्या देशाला लंगडत चालायला लावणारा चिकुनगुनिया. त्यांनी वापरलेले मासेही खास होते: शरीर इंटरफेरॉन तयार करू लागले की त्या जागी लाल रंग उजळायचा. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूची चाहूल लागताच पेशी सोडतात तो इशारा. तो मिळाला की शेजारच्या पेशी आपापली दारे बंद करतात. एकाच पिलात हिरवा शत्रू आणि लाल इशारा, दोन्ही तासातासाने पाहता येत होते.

जे दिसले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट होते. पहिल्या दिवशी विषाणू यकृत, स्नायू, जबडा, कल्ले आणि पर असा सगळीकडे पसरला. मग लाल रंग पेटला आणि बहुतेक अवयवांतला हिरवा रंग ओसरू लागला. बहुतेक पिले बरी झाली. इंटरफेरॉनचा इशारा घेणारी यंत्रणा आधीच निकामी केलेली पिले मात्र मेली. हा इशारा देण्यात यकृताच्या पेशींबरोबर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा निघाला, आणि न्यूट्रोफिल कमी केल्यावर पिलांचा जीव धोक्यात आला. न्यूट्रोफिल म्हटले की आपण जीवाणू गिळणारा शिपाई समजतो. विषाणूच्या लढाईत तो आधी आरोळी ठोकतो, हे जिवंत शरीरात दिसले.

आणि एक अवयव या सगळ्याला अपवाद ठरला. मेंदूत शिरलेला विषाणू तिथे टिकून राहिला.

तो तिथे शिरला कसा, हा पुढचा प्रश्न त्याच गटाने २०१७ मध्ये सोडवला. चिकुनगुनियासोबत त्यांनी त्याचाच नातेवाईक सिंडबिस हा विषाणू घेतला. दोघांची घडण जवळजवळ सारखी, दोघेही डासांनी पसरणारे. तरीही वाटा वेगळ्या निघाल्या. चिकुनगुनिया मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागण करून तिथून आत उतरत होता. सिंडबिस शरीराच्या कडेच्या भागांतल्या मज्जातंतूंमध्ये शिरून त्यांच्या आतूनच मेंदूकडे चढत होता. एकाच घराण्यातले दोन विषाणू असे वेगळे वागत असतील, तर मेंदूज्वराच्या प्रत्येक विषाणूची वाट स्वतंत्रपणे पाहावी लागेल. औषध रक्तात द्यायचे की मज्जातंतूंपर्यंत पोहोचवायचे, हे त्यावर अवलंबून आहे.

चांदिपुराचे घराणे यांच्यापेक्षा वेगळे आहे. तो ऱ्हॅब्डोव्हायरस, म्हणजे रेबीजच्या कुळातला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, आत सुमारे अकरा हजार अक्षरांचा आरएनएचा धागा आणि त्यावर फक्त पाच प्रथिनांचा मजकूर. या कुळाचे माशांशी जुने वैर आहे. वसंत ऋतूत कार्प माशांना रक्तस्राव घडवून मारणारा विषाणू याच कुळातला, आणि ट्राउट-सामनच्या शेतीचा काळ ठरलेला आयएचएनव्ही हाही याच कुळातला. आयएचएनव्ही झेब्रा माशाच्या पिलांना टोचून लेव्रो यांच्याच गटाने २०११ मध्ये त्याचा माग काढला होता. विषाणू सर्वांत आधी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो, काही दिवसांत रक्ताभिसरण थांबते आणि पिलू मरते, असा क्रम त्यांना दिसला. चांदिपुराचा सख्खा भाऊ शोभावा असा व्हीएसव्ही, जो गुरांच्या तोंडात फोड आणतो, तोही झेब्रा माशाच्या पिलांत वाढतो. मज्जापेशी एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत हे शोधण्यासाठी मेंदूशास्त्रज्ञ तो विषाणू बदलून या पिलांच्या मेंदूत वापरतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चांदिपुराच्या अभ्यासात या माशाला मोठी जागा मिळाली पाहिजे. कुळ अनुकूल आहे, तंत्र तयार आहे आणि प्रश्न निकडीचा आहे.

वयाचा मुद्दा तर मला विशेष महत्त्वाचा वाटतो. चांदिपुरा पंधरा वर्षांखालच्या मुलांना गाठतो. आपल्या प्रतिकारशक्तीचे दोन भाग असतात. एक जन्मतःच तयार आणि कुठल्याही परक्यावर लगेच धावून जाणारा, दुसरा शिकून तयार होणारा, ज्यात नेमकी प्रतिपिंडे आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी येतात. झेब्रा माशात हा दुसरा भाग चार ते सहा आठवडे उलटल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे तीन दिवसांच्या पिलात दिसते ती निव्वळ पहिल्या फळीची लढाई. उंदरात आणि माणसात या दोन फळ्या सोडवून पाहणे अवघड असते, इथे निसर्गानेच त्या वेगळ्या करून ठेवल्या आहेत. अठ्ठेचाळीस तासांत निकाल लावणाऱ्या आजारात पहिल्या फळीशिवाय दुसरे कोणी रणात उतरायला वेळच नसतो.

याचा अर्थ माशात जे दिसेल ते माणसात घडतेच असे नाही. झेब्रा मासा साडेअठ्ठावीस अंशांच्या पाण्यात सुखाने राहतो आणि आपले शरीर सदतीस अंशांवर चालते. कित्येक विषाणू एवढ्या फरकाने मंदावतात. चांदिपुराच्या बाबतीत ही अडचण थोडी सौम्य असावी, कारण तो वाळूमाशीच्या शरीरातही वाढतो आणि माशीचे तापमान हवेइतकेच असते. माशाला फुप्फुसे नाहीत, त्यामुळे श्वसनाचे आजार अभ्यासताना तो लवकर उणा पडतो. कोविडच्या काळात जगभर त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. पाश्चर संस्थेच्याच गटाने पिलांच्या वेगवेगळ्या भागांत करोना विषाणू टोचून पाहिला. फक्त हवेच्या पिशवीत त्याने वाढण्याची धडपड केल्यासारखे दिसले आणि तीही अर्धवटच थांबली. त्यांनी तो निकाल जसा होता तसा प्रसिद्ध केला, आणि अशा प्रामाणिक नकारांचे मोल मला मोठे वाटते.

याच्या उलट नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांच्या साथी आणणारा हा विषाणू १९७२ पासून माहीत होता, पण प्रयोगशाळेत तो नीट वाढतच नसे. २०१९ मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या योहान नाइट्स आणि जोआना रोशा-पेरेरा यांच्या गटाने तो झेब्रा माशाच्या पिलाच्या बलकात टोचला आणि तिथे तो भरघोस वाढला. कोणता विषाणू माशात रुजेल हे आधी सांगता येत नाही. टोचून पाहावे लागते.

महाराष्ट्राला हा मासा नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांचा गट त्याच्या त्वचेची घडण अभ्यासतो. सोनवणे यांनी आधी ट्यूबिंगेनला न्युसलाइन-फोलहार्ड यांच्यासोबत काम केले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दुखावलेले हृदय हा मासा पुन्हा कसे भरून काढतो यावर काम चालते. आणखी मागे जायचे तर, १९४० साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या किनाऱ्यावरून एका इवल्याशा पारदर्शक माशाचे वर्णन केले होते. आज तो मासा ओरायझिआस या प्रजातीत गणला जातो. जपानी प्रयोगशाळांचा लाडका मेडाका मासाही तिच्यातलाच. कोकणातल्या खाड्यांत राहणाऱ्या या माशाकडे रोगांच्या अभ्यासासाठी कुणी वळावे असे मला फार दिवस वाटत आले आहे.

पण या कामासाठी सर्वांत योग्य जागा कुठली असे विचारले तर मी नागपूरचेच नाव घेईन. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय फुटाळा तलावाच्या रस्त्यावर आहे. त्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मत्स्य विज्ञान महाविद्यालय दोन्ही याच शहरात आहेत. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच झाली. मेंदूज्वराची मुले ज्या रुग्णालयांत येतात ती इथे, विषाणूचे गाव इथे, मासे जाणणारी माणसेही इथेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टाक्यांचे पाणी थंड ठेवण्याची सोय करावी लागेल आणि जानेवारीत ते तापवावे लागेल. पण चांदिपुरासारखा घातक विषाणू हाताळायला सुरक्षित प्रयोगशाळा उभारण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

पूर्व विदर्भातल्या ढिवर बांधवांनाही याचा उपयोग आहे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत ते रोहू, कटला आणि मृगळ वाढवतात. हे मासे कार्पवर्गातले, म्हणजे झेब्रा माशाच्या नात्यातले. वसंतातला कार्पचा विषाणू झेब्रा माशाला लागतो हे २००३ मध्येच दाखवून झाले आहे. तिलापियाच्या शेतीत गेल्या दशकात शिरलेल्या नव्या विषाणूचा अभ्यासही याच माशावर होतो. तलावात एका आठवड्यात मासे मरून वर तरंगू लागले तर त्यामागे पाण्यातला प्राणवायू घटला आहे की विषाणू आहे, हे ठरवायला आणि उपाय आधी पिलांवर तपासायला जवळच एक सुसज्ज मत्स्यगृह असणे मोलाचे ठरेल.

चांदिपुरावर आज खास औषध नाही आणि लसही नाही. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे. इथे पिलांचा लहानपणा कामी येतो. शहाण्णव खाचांच्या एका तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खाचेत एक पिलू ठेवता येते आणि प्रत्येकाच्या पाण्यात वेगळे औषध घालता येते. इतर आजारांसाठी आधीच मान्य झालेली शेकडो औषधे अशी काही आठवड्यांत चाळून होतात. कुठल्या पाण्यातले पिलू पोहत राहिले आणि कुठल्या पिलाच्या मेंदूत हिरवा रंग शिरला नाही, हे बाहेरूनच कळते. त्यांतून उरलेली चार-पाच औषधे मग उंदरांच्या पिलांवर तपासायची, मात्रा ठरवायची, आणि ती टिकली तरच पुढच्या पावसाळ्यात वाळूमाश्या वाढू लागण्यापूर्वी रुग्णालयातल्या चाचणीची परवानगी मागायची.